तंबू घेऊन कोकण किनाऱ्याला जाताय? मोकळी दिसणारी वाळू मोकळी नसते

ऊस कारखान्याला गेला होता आणि हरभरा निघायला अजून पंधरा दिवस होते. दोन म्हशी थोरल्या भावाच्या दावणीला बांधल्या आणि आम्ही नवरा-बायको जुनी गाडी काढून कोकणात उतरलो. चार रात्री, पाच दिवस. मागच्या सीटवर तंबू, दोन सतरंज्या, गॅसची छोटी शेगडी, भाकरीचं पीठ आणि बरणीभर ठेचा. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण देवदर्शन किंवा लग्नकार्य सोडून दोघंच असे कुठं गेलो नव्हतो. शेजारच्या काकूंनी तर विचारलंच, "तंबूत झोपायला काय मेंढरं राखायला चाललाय का?"

आता आपल्या कराड-पाटण भागातून असे जाणारे वाढलेत. मोबाईलवर व्हिडिओ येतात. पाण्याच्या कडेला तंबू, पुढं शेकोटी, मागं गाणं. बघून वाटतं, किनारा म्हणजे मोकळं गायरान, कुठंही मेख ठोका. आम्हीही तसंच समजून गेलो होतो. पहिल्याच रात्री आमच्या हातून जे झालं त्यामुळं हा लेख लिहितोय. जाऊ नका असं अजिबात म्हणायचं नाही. पण काही गोष्टी आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोयनेच्या पाण्यासोबत खाली

कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि पुढं कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. साधारण शंभर किलोमीटर. तिथून गुहागर आणखी पंचेचाळीसच्या आसपास. रस्त्याच्या बाजूचं कोयनेचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. दिवसा माकडं दिसतात, नशीब असेल तर झाडावर शेकरू. अंधार पडल्यावर मात्र गवा रस्त्यावर आडवा येऊ शकतो. म्हणून घाट उजेडातच उतरावा. माकडांना बिस्किटं टाकायला गाडी थांबवू नका. त्या सवयीनंच ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं की कोयनेचं पाणी दोन दिशांनी जातं. नदी पूर्वेला कराडात कृष्णेला मिळते. पण वीज तयार करण्यासाठी जे पाणी बोगद्यातून पश्चिमेला सोडतात, ते शेवटी वाशिष्ठी नदीत उतरतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जातं. म्हणजे आपल्या धरणाचं पाणी आपल्या आधीच समुद्राला पोचलेलं असतं. याचा तंबूशी संबंध असा, की वाशिष्ठीच्या काठाला, खडकावर, जागा कितीही गार आणि छान दिसली तरी मुक्काम करायचा नाही. वीजनिर्मिती वाढली की पात्रातलं पाणी वर पाऊस नसतानाही वाढू शकतं. दुसरं कारण मगरी. वाशिष्ठीत मगरी आहेत. पावसाळ्यात त्या चिपळूणच्या रस्त्यापर्यंत आलेल्या लोकांनी पाहिल्यात. पुलावरून आम्हालाही एक दिसली, गाळावर पडलेल्या ओंडक्यासारखी. बायको म्हणाली, "मेलीय वाटतं." तेवढ्यात ती सरकली.

पहिली रात्र

गुहागर तालुक्यातल्या एका गावाच्या किनाऱ्यावर संध्याकाळी सातला पोचलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. मागं सुरूचं बन, पुढं लांबच लांब वाळू. भरतीच्या पाण्याची ओली रेघ स्पष्ट दिसत होती. मी शहाणपणा केला, रेघेच्या वर वीस-पंचवीस पावलं जाऊन कोरड्या वाळूत तंबू उभा केला. पाणी काही इथवर येणार नाही, याची खात्री. कोल्ह्या-कुत्र्याची भीती म्हणून तंबूबाहेर काठीला एलईडीचा कंदील टांगला आणि रात्रभर चालू ठेवला.

पहाटे पाचच्या सुमाराला बाहेरून हाक आली. "पाव्हणे, उठा हो. जरा बाहेर या."

बाहेर साठीचा एक माणूस, हातात लाल कागद लावलेली बॅटरी. तो कासवमित्र होता. हंगामात पहाटे उठून किनारा चालायचा, कासवानं कुठं अंडी घातलीत ते शोधायचं, हे त्याचं काम. त्यानं वाळूकडं बोट दाखवलं. समुद्रातून ट्रॅक्टरच्या टायरसारखी एक नक्षी वर आली होती. सरळ आमच्या दिशेनं. तंबूपासून दहा-बारा फुटांवर ती थांबली होती, वळली होती आणि तशीच परत पाण्यात गेली होती.

"मादी होती," तो म्हणाला. "अंडी घालायला आली. तुमचा उजेड बघितला नि माघारी गेली."

रागावला नाही, हेच जास्त लागलं. आम्ही दोघं आत झोपलो होतो आणि दहा फुटांवर हे घडून गेलं होतं. बायको त्या खुणेजवळ बराच वेळ बसून होती. मग म्हणाली, "बाळंतीण दारातून परत गेल्यासारखं झालं हो."

आमची चूक कुठं झाली, ते त्या माणसानं सांगितलं. पाण्यापासून सुरक्षित जागा आम्ही बरोबर शोधली होती. पण कासवालाही तीच जागा हवी असते. भरतीच्या रेघेखाली अंडी घातली तर ती पाण्यानं कुजतात. म्हणून मादी रेघ ओलांडून वर कोरड्या वाळूत येते, मागच्या पायांनी हातभर खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून बुजवते आणि निघून जाते. परत बघायलाही येत नाही. म्हणजे तंबूवाल्याला जी जागा उत्तम वाटते, नेमकी तीच तिची बाळंतिणीची खोली.

हे कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. आपल्या किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या येतात. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, म्हणून मेपर्यंत हा हंगाम चालतो. आणि आपल्याकडची मंडळी कोकणात जायला मोकळी होतात तीही याच महिन्यांत.

माघारी गेलेली मादी त्याच रात्री किंवा पुढच्या एखाद्या रात्री जवळपास पुन्हा प्रयत्न करते. पण पुन्हा तिथं उजेड, पुन्हा माणसं असली तर? पोटातली अंडी ती किती दिवस धरून ठेवणार? वारंवार अडवलं गेलं तर ती अंडी पाण्यातच टाकून देऊ शकते.

गुहागरचा किनारा या कासवांसाठी मोठा आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये इथल्या माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं बसवून त्यांचा माग काढला गेला. लक्ष्मी, रेवा, वनश्री, बागेश्री, गुहा अशी त्यांना नावंही दिली होती. त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. त्याच्या उलटही झालं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. इतकं पाणी कापून ती इथं आली. आमच्या तंबूपुढून परत गेलेली कुठून आली होती, ते आता कोण सांगणार!

उजेडाचं म्हणाल तर तो पिल्लांना आणखी घातक. वाळूतून बाहेर आलेलं पिल्लू जिकडं आकाश उजळ दिसेल तिकडं धावतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. किनाऱ्यावर कंदील, गाडीचे दिवे किंवा शेकोटी असली की पिल्लू उलटं गावाकडं चालू लागतं. मग सकाळी कावळे, कुत्री आणि ऊन.

तिथीवरून भरती

त्या कासवमित्रानंच आम्हाला भरतीचा हिशोब शिकवला. घाटावरच्या माणसाला हा हिशोब माहीत नसतो आणि किनाऱ्यावरचे बरेचसे घोटाळे यातूनच होतात.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. साधारण सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. त्यामुळं कोकणातल्या जुन्या लोकांचा हिशोब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमा उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भिंतीवर कॅलेंडर असलेल्या कुठल्याही घरात हे गणित जमतं. जागेप्रमाणं तास-दीड तास मागंपुढं होतं, म्हणून हा अंदाज आहे, घड्याळ नाही. नेमकी वेळ मोबाईलवर मिळते किंवा गावातल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारावी.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी किती चढतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतर एक-दोन दिवस उधाण असतं, पाणी सर्वांत वर येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतं. आम्ही पोचलो त्या दिवशी शुद्ध अष्टमी होती. म्हणजे मी जी ओली रेघ बघून निर्धास्त झालो होतो, ती वर्षातल्या सगळ्यात लबाड रेघांपैकी एक. आठवड्यानं पौर्णिमेला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं असतं. सपाट किनाऱ्यावर पाणी उभं दोन मीटर चढलं तरी आडवं पन्नास-साठ मीटर आत येतं. ओल्या रेघेवर विश्वास ठेवू नका. वाळलेलं शेवाळ, काटक्या, शंखशिंपले यांची जुनी रेघ वर कुठं आहे ती बघा. तिच्याही वर वेली आणि गवत सुरू होतं, तिथवर समुद्राचा हक्क.

हा हिशोब माहीत नसल्याचा परिणाम तिसऱ्या दिवशी दापोली तालुक्यात डोळ्यांनी बघितला. दशमी होती, म्हणजे दुपारी दीडच्या पुढंमागं ओहोटी. घट्ट ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी दिसते. पाच पोरांनी मोठी गाडी खाली घातली, गोल गोल फिरवली, व्हिडिओ काढले. परत येताना वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत चाकं रुतली. जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकी गाडी खाली बसली. चारला पाणी फिरलं. गावचा ट्रॅक्टर आला, दोर तुटला, मग दुसरा दोर. सहाच्या दरम्यान गाडी निघाली तेव्हा पाणी दाराला लागलं होतं. खारं पाणी एकदा इंजिनात आणि वायरिंगमध्ये गेलं की गाडी संपली. विमावालेही अशा वेळी हात वर करू शकतात.

गाडी वाचली, सगळे हसले. पण वाळूखाली एखादं घरटं असलं तर चाकाखाली ते दबतं, आणि चाकोरीत पडलेलं दीड-दोन इंचाचं पिल्लू त्यातून बाहेर पडू शकत नाही. गाडी रस्त्यावरच लावा. चारशे पावलं चालल्यानं काही बिघडत नाही, आपण ऊस तोडणारी माणसं आहोत.

मग तंबू टाकायचा कुठं?

पहिल्या रात्रीनंतर आम्ही वाळूत मेख ठोकली नाही. तीनही रात्री घरांच्या आवारात तंबू टाकला. कोकणात घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला खळं म्हणतात, मागं नारळ-पोफळीची वाडी असते. घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांना विचारलं, "खोली नको, तंबू टाकू का?" एकानं नाही म्हटलं, बाकीच्यांनी जागा दिली. एका ठिकाणी दोघांचे तीनशे रुपये घेतले, दुसऱ्या ठिकाणी जेवण आमच्याकडं घ्या म्हणाले आणि तंबूचं काही घेतलं नाही. समुद्र दोन-तीनशे पावलांवर, लाटांचा आवाज तोच.

आणि बाईमाणसाच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं आहे. व्हिडिओत कोणी दाखवत नाही की पहाटे जायचं कुठं. मोकळ्या किनाऱ्यावर बायको पहिल्या रात्री पाणीसुद्धा प्यायली नव्हती. खळ्यात संडास-न्हाणीघर असतं, गोडं पाणी असतं, घरात बायामाणसं असतात. "दोघंच का? मुलं कुठायत?" अशा चौकश्या होतात, आधार कार्ड मागतात. ते द्यायचं. अनोळखी माणूस दारात आला तर आपणही विचारतोच.

किनाऱ्यावरच थांबायचं असेल तर ग्रामपंचायतीत किंवा वनखात्याच्या माणसाला आधी विचारा. भरतीच्या रेघेलगतची जमीन बहुतेक ठिकाणी सरकारी असते आणि तिथं किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम लागतात. सुरूच्या बनात बरीच गावं परवानगी देत नाहीत. खाली वाळलेल्या सुरूच्या पानांचा थर असतो, एका ठिणगीत बन पेटतं. शेकोटी तिथं नकोच. आम्ही आमची शेगडी खळ्याच्या कोपऱ्यात पेटवली.

खाडी, डॉल्फिन आणि सीगल

दुसऱ्या दिवशी गुहागरहून धोपाव्याला आलो आणि फेरीबोटीत गाडी चढवली. पलीकडं दाभोळ. पाव तासाचा प्रवास, पण चिपळूण-खेडवरून जाणारा शंभरेक किलोमीटरचा वळसा वाचतो. गाडीसकट पाण्यावर जायची गंमत वेगळीच. हँडब्रेक ओढायचा आणि चाकाला दगड लावतात का ते बघायचं. खाली वाशिष्ठीची खाडी. मी बायकोला म्हटलं, "हे आपल्याच धरणाचं पाणी." ती म्हणाली, "मग भाडं कशाला घेतलं?"

फेरीबोटीच्या मागं पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागतो. हे सीगल, मराठीत कुरव. थंडीत उत्तरेकडच्या दूर देशांतून येतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात. लोक त्यांना फरसाण टाकतात. मीठ-तेलाचं ते खाणं त्यांचं नव्हे. मासे खाणाऱ्या पक्ष्याला शेव खाऊन परतीच्या प्रवासाला बळ येत नाही.

हर्णै-मुरुडकडं नाववाले सकाळी डॉल्फिन दाखवायला नेतात. आम्ही गेलो. अर्धा तास काहीच नाही, मग नावेपासून पंचवीस-तीस फुटांवर दोन करड्या पाठी वर आल्या, श्वास सोडल्याचा फुस्स आवाज झाला आणि गेल्या. आमच्या नाववाल्यानं इंजिन बंद केलं होतं म्हणूनच त्या जवळ आल्या. दुसरी एक नाव शिट्ट्या मारत पाठलाग करत होती, तिला शेपटीही दिसली नाही. पैसे ठरवतानाच सांगा, पाठलाग नको. लाईफ जॅकेट मागून घ्या, मिळालं नाही तर नावेत बसू नका.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. आपल्या बाजारातल्या भाजीच्या सौद्यासारखाच, फक्त वास निराळा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. दोघांपुरती मासळी लिलावात परवडत नाही, बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्यावी.

पोहण्याबद्दल एवढंच. विहिरीत उड्या मारणारा माणूस समुद्रात पोहेलच असं नाही. समुद्रात पाणी ओढतं. जिथं दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतो, तीच बहुतेक वेळा परत जाणाऱ्या पाण्याची वाट असते. नवखा माणूस नेमका तिथं उतरतो. ओढला गेलात तर किनाऱ्याकडं सरळ झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा, मग वळा. खाडीच्या मुखाशी तर उतरूच नका. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावं, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट आधीच पळतं. पाकटाच्या शेपटीचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवून दवाखाना गाठायचा.

जमिनीवरची काळजी आपल्याला नवी नाही, पण तंबूत ती विसरते. कोकणच्या जांभ्या दगडात फुरसं आणि लाल विंचू दोन्ही असतात. तंबूची चेन दिवसाही बंद, चपला आत, सकाळी झटकून घालायच्या. लाल विंचवाचा दंश साधा समजू नका. एके काळी कोकणात यानं माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर कसं वापरायचं ते दाखवलं आणि पुष्कळ जीव वाचले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना. तातडीच्या मदतीला ११२.

वेळासची सकाळ

चौथ्या दिवशी मंडणगड तालुक्यातलं वेळास गाठलं. हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आपल्या वाईजवळच्या मेणवलीला ज्यांचा वाडा आहे तेच नाना. त्या दिवशी एकादशी. यजमान काकूंनी बायकोसाठी वेगळी वऱ्याची भगर आणि दाण्याची आमटी केली, त्यावरून दोघींची जी मैत्री जमली ती अजून फोनवर चालू आहे.

इथंही पूर्वी कासवाची अंडी लोक खायला आणि विकायला काढत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि बघायला माणसं येऊ लागली. येणारे गावातल्याच घरांत राहतात, जेवतात. पुढं वनखात्यानं आणि गावोगावच्या कासवमित्रांनी हे काम किनारपट्टीवर वाढवलं.

पद्धत साधी आहे. कासवमित्र पहाटे नक्षी बघून घरटं शोधतो, अंडी न उलटता-पालटता अलगद काढतो आणि कुंपण घातलेल्या जागेत, घरटं होतं तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवतो. वर तारखेची पाटी. पंचेचाळिसाव्या दिवसाच्या पुढंमागं त्यावर टोपली झाकतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. वाळू गार असली तर जास्त नर, गरम असली तर जास्त माद्या जन्मतात. आपल्या कोंबडीच्या खुराड्यात असलं काही नसतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली तेव्हा खाली अकरा पिल्लं होती. दोरीच्या मागं शंभरेक माणसं, आमच्यापुढं एक आजी कडेवर नातू घेऊन. पिल्लं पाण्यापासून थोडी अलीकडं वाळूवर सोडली. हातानं पाण्यात ठेवत नाहीत, ते अंतर त्यांनी स्वतःच चालायचं असतं. एकाला लाटेनं तीनदा परत आणून टाकलं. लोक श्वास धरून बघत होते. चौथ्या लाटेत ते गेलं. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. जी मादी जगते ती दहा-पंधरा वर्षांनी याच भागातल्या किनाऱ्याला परत येते.

तुम्हाला असं मोकळं पिल्लू किंवा अंडी घालणारी मादी दिसली तर बॅटरी आणि मोबाईलचा फ्लॅश बंद करा, तिच्या मागच्या बाजूला लांब बसा, बोलू नका. पिल्लू बादलीत घालून घरी नेऊ नका, गोड्या पाण्यात टाकू नका. लोक दयेपोटीच हे करतात. वनखात्याचा क्रमांक १९२६, किंवा गावातल्या कासवमित्राला कळवा. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, अंडी उकरणाऱ्याला कैद होऊ शकते.

परतताना मंडणगड, खेड, चिपळूण करून पुन्हा कुंभार्ली चढलो. गुहागरच्या त्या कासवमित्राचा नंबर घेतला होता, घाटात रेंज आल्यावर फोन लावला. म्हटलं, त्या मादीचं काही कळलं का. तो म्हणाला, तिसऱ्या रात्री किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक घरटं मिळालं, अंडी एकशे चार. तीच होती का? "ते कसं सांगणार? तिनं काय नाव लिहून ठेवलंय?"

घरी आल्यावर तंबू गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. खारी हवा चेनला लागते आणि महिन्याभरात ती जाम होते. आमची झाली.